देवळालीचा ‘ताप’ ते मेडिकल बोर्डाची एक ओळ : सैनिकाच्या मनाची जखम कोण नोंदवणार?

#थ्रेड

१/ कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडून आंबिवलीला थांबते. स्थानकाला लागूनच मोहने. हाच लोहमार्ग पुढे थळ घाट चढतो आणि इगतपुरीमार्गे देवळालीला पोहोचतो. सैनिकाच्या मनाला झालेल्या जखमेकडे राज्यसंस्थेने गेल्या दीडशे वर्षांत कसे पाहिले, याच्या बऱ्याच खुणा या एका मार्गावर सापडतात. प्रश्न मात्र आजचा आहे. ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर तणाव विकार घेऊन घरी परतलेला जवान अपंगत्व पेन्शनचा दावा मांडतो, तेव्हा त्याचा दावा नेमका कोठे अडतो?

२/ आरंभ एका शब्दापासून करावा लागेल. इंग्रजी बोलीत वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. हा आपल्या देवळालीचाच अपभ्रंश. मूळ प्रयोग ‘देवळाली टॅप’ असा होता आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे ‘ताप’. नाशिक जिल्ह्यातील एका छावणीचे नाव अशा रीतीने जगभर थट्टेचा विषय झाले.

३/ देवळालीत वेड्यांचे मोठे इस्पितळ होते आणि त्यावरून हा शब्द आला, अशी कथा सर्रास सांगितली जाते. फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत चित्र वेगळे आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी येथे थांबत. जहाजे ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम हुकला की कित्येक महिने करण्यासारखे काहीच नसे. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली माणसे या रिकामपणात ढासळत, गुन्हे करत, शिक्षा ओढवून घेत.

४/ यातला तपशील महत्त्वाचा आहे. शिपाई बिघडला तो प्रतीक्षेने, म्हणजेच लष्करी व्यवस्थेने घडवलेल्या परिस्थितीने. भाषेत मात्र त्या परिस्थितीचे नाव उरले नाही, शिपायाचे वेड तेवढे उरले. कारण पुसले जावे आणि दोष माणसाच्या अंगी चिकटावा, ही प्रक्रिया पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

५/ फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वरचा लेख प्रसिद्ध केला. हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात रुजला तो तेव्हापासून. अंगावर जखम नाही. पण वाचा गेलेली, दृष्टी गेलेली, झोप उडालेली अशी माणसे खंदकांतून मागे येत होती. लष्करापुढचा प्रश्न वैद्यकापुरता राहिला नाही. या माणसांना ‘जखमी’ म्हणावे की ‘आजारी’, हेही ठरवावे लागणार होते.

६/ ब्रिटिश लष्कराने काढलेला तोडगा इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. शत्रूच्या कारवाईचा थेट परिणाम असेल तर कागदावर ‘शेल शॉक डब्ल्यू’ लिहायचे, नसेल तर ‘शेल शॉक एस’. पहिल्या अक्षराचा अर्थ जखमी, दुसऱ्याचा आजारी. ‘डब्ल्यू’ मिळालेल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई आणि पेन्शनचा मार्ग खुला राही. ‘एस’वाल्याला तो मान नव्हता. दोघांची लक्षणे सारखी असू शकत. फरक एका अक्षराचा असे, आणि ते अक्षर लिहिणारा दुसराच कोणी असे.

७/ १९२२ साली लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने तर ‘शेल शॉक’ ही संज्ञाच वापरातून काढून टाकावी, अशी शिफारस केली. दरम्यान पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी. त्यांच्यातले काही जण शेल शॉकने ग्रासलेले होते, असे आज मानले जाते.

८/ हिंदी सैनिकांच्या वाट्याला याखेरीज आणखी एक संशय आला. फ्रान्सच्या आघाडीवरून हाताला जखमा झालेले अनेक शिपाई येऊ लागले, तेव्हा त्यांनी त्या स्वतःच करून घेतल्या असाव्यात अशी कुजबुज सुरू झाली. ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये १००० जखमांची छाननी केली. या संशयाला आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे पुन्हा उपयोगी पडेल म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

९/ मराठी मुलखाचा संबंध अधिक जवळचा आहे. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेले सैन्य सहावी, म्हणजेच ‘पूना’ डिव्हिजन होते. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी, आजारी असे सुमारे १३,००० लोक शरण गेले. पुढे वाळवंटातली पायपीट आणि कैद.

१०/ त्या युद्धानंतर गावोगावी संगमरवरी पाट्या बसल्या : या गावातून इतके जण महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. कोकणात आणि देशावर त्या आजही दिसतात. पाटीवर आकडे दोनच असतात. गेले, परत आले, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशांचा तिसरा आकडा कोणी कोरला नाही. त्यांची आठवण राहिली असेल तर घरातच, ‘आजोबा लढाईवरून आले ते गप्प गप्पच असत’ अशा एखाद्या वाक्यात.

११/ आता स्वतंत्र भारताकडे येऊ. १९६१ च्या लष्करी पेन्शन विनियमांतील १७३ व्या विनियमानुसार अपंगत्व पेन्शनसाठी मुख्यतः दोन गोष्टी लागत. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के ठरावे. ‘उद्भवलेले किंवा बळावलेले’ हे शब्द वाचताना ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ आठवले नाहीत तरच नवल.

१२/ १९८२ चे पात्रता नियम मात्र बरेच उदार होते. भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदलेला नसेल, तर जवान शरीराने व मनाने निरोगी होता असे गृहीत धरावे. पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला सेवेतून काढले, तर बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे. सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नव्हता. वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळावा, आणि आघाडीवर सेवा केलेल्याला तो अधिक उदारपणे मिळावा. ताणामुळे परिणाम होणाऱ्या आजारांच्या यादीत मानसिक विकारांचाही समावेश होता.

१३/ मोहन्यातल्या वाचकाला हे तत्त्व अपरिचित वाटू नये. २००९ साली बंद पडलेल्या एनआरसी कारखान्यात व्हिस्कोज रेयॉनचा धागा निघे. या प्रक्रियेत लागणारे कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेवर आणि मनावरही परिणाम करते, हे युरोपातील वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला व्यवसायजन्य रोगांची अनुसूची होती आणि पुढे या रसायनाने होणारे आजारही तिच्यात आले. अनुसूचीतला आजार ठरावीक काळ ते काम केलेल्याला झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा मानतो आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. रोज काय हुंगावे लागते, हे कामगाराच्या हाती नसते. कोठे नेमणूक व्हावी आणि काय पाहावे लागावे, हे जवानाच्याही हाती नसते. दोन्ही ठिकाणी न्याय एकच.

१४/ मग दावे का अडतात? कारण नियमांतले औदार्य वैद्यकीय मंडळाच्या एका ओळीपुढे थिटे पडते : ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ मानसिक आजारात तिला ‘प्रकृतीजन्य’ या शब्दाची जोड मिळते, म्हणजे दोष मूळचा, घडणीतलाच. देवळालीच्या शिपायाचे जे भाषेने केले, तेच येथे फॉर्म करतो.

१५/ २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच ओळीवर बोट ठेवले. अपस्माराच्या आजारामुळे १९९४ मध्ये सेवेतून काढलेल्या जवानाचा तो दावा होता. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नाही, मंडळाने कारणे दिलेली नाहीत, म्हणून गृहीतक दावेदाराच्या बाजूने राहते, असा निर्णय झाला. पेन्शन मिळाली, पण मधे एकोणीस वर्षे गेली.

१६/ चित्र एकरंगी मात्र नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दिशा घेतली. असा आजार भरतीच्या धावत्या तपासणीत दिसेलच असे नाही, त्यामुळे नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे मानता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. २०२५ मध्ये त्याच स्वरूपाच्या दुसऱ्या प्रकरणात मंडळाने कारणे द्यायलाच हवीत यावर पुन्हा भर दिला गेला आणि जवानाच्या बाजूने निकाल लागला.

१७/ सरकारी बाजूचा युक्तिवादही ऐकायला हवा. जीवनशैलीच्या आजारांवर अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात चर्चेला आले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे पात्रता नियम लागू झाले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर आक्षेप घेतले. तिजोरीची काळजी अवाजवी नाही. पण सेटन यांचा धडा येथे लागू पडतो. संशय आला तर एकेक जखम तपासावी. संशयावरून सगळ्या पलटणीला खोटे ठरवू नये.

१८/ पीटीएसडीच्या बाबतीत एक अडचण अधिक खोल आहे. हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमपुस्तकात आले ते १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आग्रहानंतर. त्याची लक्षणे कधी कधी घटनेनंतर बऱ्याच उशिरा उमटतात. आपले नियमही ‘उशिरा प्रकट होणारा’ आजार मान्य करतात. पण त्यासाठी जुनी नोंद दाखवावी लागते, आणि ती नोंद बहुधा नसतेच.

१९/ नोंद का नसते? लष्करातल्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीतले पहिले अक्षर मानसिक स्थितीचे आहे. त्यात उतरंड झाली की बढती, कोर्स, नेमणूक सारेच धोक्यात येते. म्हणून झोप लागत नाही हे जवान डॉक्टरला सांगत नाही, मित्राला सांगतो, किंवा कोणालाच सांगत नाही. आणि वीस वर्षांनी तीच व्यवस्था विचारते, तेव्हा का सांगितले नाही? पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे, हे इतिहासाच्या पहिल्याच वर्षात शिकवले जाते. पेन्शनच्या फायलीला ते कोणी शिकवलेले नाही.

२०/ म्हणून या धाग्याचे म्हणणे असे : मनाच्या जखमेचा दावा हा मुळात दस्तऐवजाचा प्रश्न आहे. साधने ज्याच्या ताब्यात असतात, इतिहास त्याच्या बाजूने झुकतो. येथे सेवापुस्तिका, रुग्णालयाची कागदपत्रे, नेमणुकीची ठिकाणे हे सारे एका पक्षाच्या कपाटात असते. अशा वेळी सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या पक्षावर टाकणे ही केवळ कठोरता नाही, ती सदोष इतिहासपद्धती आहे.

२१/ तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. मंडळाने ‘नाही’ लिहिले तर त्याखाली कारणे लिहावीत आणि प्रत जवानाच्या हाती द्यावी. मानसिक आजाराच्या प्रकरणात कोणत्या ठिकाणी, कोणत्या कारवाईत, किती काळ सेवा झाली याचा गोषवारा युनिटने स्वतःहून जोडावा. आणि मदत मागितल्याची नोंद बढतीच्या आड येणार नाही, अशी तरतूद व्हावी. तिसरी गोष्ट झाली नाही, तर पहिल्या दोन लंगड्याच राहतील.

२२/ तोवर ज्यांच्या घरात असा माजी सैनिक आहे, त्या तरुणांनी आपले शिक्षण कामाला लावावे. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, पेन्शनचा आदेश, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, त्या काळातली घरी आलेली पत्रे तारीखवार लावून ठेवावीत. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत नसेल तर अभिलेख कार्यालयाकडे मागावी. दावा फेटाळला तर पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुंबईत त्याचे प्रादेशिक खंडपीठ आहे. अपिलाची मुदत फेटाळणीच्या पत्रातच पाहावी. अर्ज कसा करावा हे ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते.

२३/ घरातल्या माणसांनी पाहिलेलेही लिहून ठेवावे : केव्हापासून झोपेत ओरडतात, फटाक्यांच्या रात्री काय होते, कोणत्या नेमणुकीनंतर बोलणे कमी झाले. न्यायाधिकरण त्याला किती वजन देईल, हे प्रकरणागणिक बदलेल. पण संगमरवरी पाटीवर राहून गेलेला तिसरा आकडा भरायला कोठून तरी सुरुवात करावी लागेल, आणि ती वहीच्या पानावर होऊ शकते.

(समाप्त. वेगळे मत असल्यास खाली जरूर मांडावे. घरातल्या कुणाची वैद्यकीय माहिती मात्र जाहीरपणे लिहू नये.)