लॅपटॉपसोबत नेमके काय घरी येते?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाती महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीच लॅपटॉप येतो. तो कसा येतो, हे आम्हां माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. बचत गटाचे कर्ज, मामाकडून घेतलेली उसनवारी, शिष्यवृत्तीचा उशिरा आलेला हप्ता असे सारे त्यात गुंतलेले असते. आणि एवढ्या कष्टाच्या खरेदीविषयी दुकानात एकच वाक्य ऐकू येते, "सगळे टाकलेलेच आहे." आमच्या मते फसगत होते ती याच वाक्यात.

तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्या एका भगिनीचा प्रकल्प-अहवाल दुसऱ्या दिवशी सादर व्हायचा होता. रात्री दहाच्या सुमारास वर्ड अडले. मजकूर दिसत होता, छापता येत होता. पण एक अक्षरही बदलेना. "दादा, लॅपटॉप बिघडला," असा तिचा फोन आमच्यापैकी एकाला आला. यंत्र ठणठणीत होते. त्यातील 'मायक्रोसॉफ्ट ३६५' ची चाचणी मुदत तेवढी संपली होती. ऑफिस आहे, असे दुकानदाराने सांगितले ते असत्य नव्हते. ते किती दिवसांसाठी आहे, हे त्याने सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

लॅपटॉपमध्ये काही गोष्टी आपल्या मालकीच्या असतात आणि काही केवळ पाहुण्या. विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपमधील विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. त्यासाठी दरवर्षी पैसे भरावे लागत नाहीत. मात्र खोक्यावर 'डॉस' लिहिलेले असेल तर विंडोज त्या किमतीत नाहीच. ऑफिसच्या नावात 'होम २०२४' असा सालाचा आकडा असेल, तर ते एकदाच विकत घेतलेले व कायमचे. '३६५' असेल तर वर्गणी. आणखी एक गोष्ट पालकांनी कटाक्षाने पाहावी. कायमचे ऑफिस ज्या खात्यावर प्रथम सुरू केले जाते, त्या खात्याशी ते जोडले जाते. दुकानातील मुलाने घाईघाईने स्वतःच्या खात्यावर ते सुरू करून दिले, तर पुढे निस्तरत बसावे लागते. खाते विद्यार्थ्याच्याच नावाचे असावे आणि परवलीचा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा.

विषाणूरोधकाची गंमत तर निराळीच. महिन्याभराने पडद्यावर भीतिदायक सूचना येऊ लागतात आणि पालक घाबरून पैसे भरतात. वास्तविक विंडोजमध्ये 'डिफेंडर' मुळातच असतो, तोही विनामूल्य; सर्वसाधारण विद्यार्थ्याला तो पुरेसा आहे. मराठी टंकलेखनासाठीही पैसे मोजणारे आम्ही पाहिले आहेत. विंडोजच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टंकता येणारा कळफलकही.

काही ठिकाणी थोड्या पैशांत 'आयुष्यभराचे ऑफिस' टाकून मिळते. आमच्यापैकी कित्येक जण अशाच चोरट्या प्रतींवर संगणक शिकले, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही आज आम्ही त्याला स्पष्ट विरोध करतो. अशी प्रत चालावी म्हणून पुष्कळदा आधी डिफेंडरच बंद करावा लागतो, आणि त्याच लॅपटॉपवरून मुले शिष्यवृत्तीचे अर्ज व बँकेचे व्यवहार करतात. शिवाय पर्याय उपलब्ध आहे. त्या रात्री आम्ही फोनवरून सांगत गेलो आणि त्या भगिनीने 'लिब्रेऑफिस' उतरवून घेतले. २०१० पासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीतूनही वापरता येते. तिच्या अहवालातील दोन तक्ते थोडे सरकले, ते पुन्हा बसवावे लागले. पण अहवाल वेळेवर गेला.

आपल्या माणसांना दुकानात प्रश्न विचारावयास संकोच वाटतो, कारण न समजणे म्हणजे कमीपणा, असे वाटते. पैसे आपले आहेत. विंडोज आहे का, ऑफिस कायमचे की वर्गणीचे, वर्गणीचे असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, एवढे बिलावर लिहून मागावे. दुकानदार लिहून देण्यास कुरकुर करीत असेल, तर पैसे देण्यापूर्वी आम्हां माजी विद्यार्थ्यांपैकी कोणालाही फोन लावावा. शक्य असेल तेव्हा आम्ही सोबतही येऊ.