नाणं लाखाचं, पण कशावरून?

दिवाळीची सुट्टी संपली की हॉस्टेलवर कोणी ना कोणी गावाकडून जुनं नाणं घेऊन येतंच. "पेशव्यांच्या काळातलं आहे राव, लाखाला जाईल!" लगेच अख्खी विंग पार्टीचा मेनू ठरवायला बसते. माझं म्हणणं एवढंच, की हा लाखाचा आकडा आला कुठून ते आधी विचारा.

नाणं जुनं म्हणजे महाग, हा पहिला गैरसमज. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन आज अतिशय दुर्मिळ. शिवराई मात्र नंतरही कित्येक वर्षं प्रचंड संख्येने पडत राहिली. म्हणून उत्तर पेशवाईतली साधी, झिजलेली दुदांडी शिवराई आपल्या जुन्या बाजारात अगदी किरकोळ पैशांत मिळते. याउलट १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट घ्या. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असं छापलेली त्याची फक्त १०० तिकिटं काढली होती. त्यातल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली! म्हणजे वस्तू किती शिल्लक आहेत आणि त्या मागणारे किती आहेत, यावर सगळा खेळ.

दुसरी गोष्ट, वस्तूची अवस्था. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवण्याचं वेड आहे. मिकी मँटलचं १९५२ चं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते तपासणाऱ्यांनी त्याला १० पैकी ९.५ गुण दिले होते. त्याच खेळाडूचं, त्याच वर्षाचं, पण कोपरे दुमडलेलं कार्ड याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि आपल्याकडे? आजी देवाच्या तांब्यासोबत शिवराईसुद्धा चिंचेने घासून लख्ख करते. ती चकाकी बघून नाणं जमवणारा माणूस कपाळावर हात मारतो, कारण नाण्यावरचा जुना रंग गेला की भावही गेला.

आता मुख्य मुद्दा. मंडईत आपण सांगितलेल्या भावाने कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. मग मोबाइलवर कोणी वैष्णोदेवीच्या ५ रुपयांच्या नाण्याला 'किंमत १० लाख' असं लिहिलं, की ते खरं कसं मानतो? मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ते नाणं २०१२ चं, आणि टांकसाळीतून ढिगाने बाहेर पडलेलं.

लॅबमध्ये आपण एका रीडिंगवर निष्कर्ष काढत नाही. इथेही तेच करा. त्याच प्रकारच्या, त्याच अवस्थेतल्या नाण्यांचे लिलावात प्रत्यक्ष मिळालेले चार-पाच भाव काढा. एखादा आकडा भलताच असेल तर तो का, ते बघा. लिलाववाल्याचं कमिशन वजा करा. आणि उत्तर एका आकड्यात देऊ नका, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं द्या. अस्सल-नक्कल ठरवायला मात्र जाणकारच हवा, कारण बनावट नाणी बाजारात भरपूर आहेत.

हे सगळं शौकीन लोकांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं म्हणाल तर ऐका. आमच्या ओळखीतल्या एकाने असंच नाणं विकायला मेसचे चार हजार रुपये 'प्रोसेसिंग फी' म्हणून पाठवले. पैसे गेले, फोन बंद. आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी मागितली जाते, पण आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असं खुद्द रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. साधा नियम लक्षात ठेवा: विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

तेव्हा घरच्या डब्यातली नाणी घासू नका, वितळवू तर मुळीच नका. कोणाकडून, कुठून आली ते आजोबांना विचारून कागदावर लिहून ठेवा. आणि उद्या कोणी छाती ठोकून "लाखाचं आहे" म्हणाला, तर व्हायवाला सर विचारतात तसं शांतपणे विचारा, "कशावरून?"