ऑपरेशननंतरचे जुलाब आणि कोलेस्टेरॉलची जुनी पावडर

आतड्याचं ऑपरेशन यशस्वी झालं, टाके सुकले, भूकही लागायला लागली. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की पहिला प्रश्न, तिथे संडास कुठे आहे? लग्नाकार्याला जायचं नाही, एसटीचा प्रवास नको, जेवण झालं की लगेच धावपळ. तक्रार केली तर ठरलेलं उत्तर मिळतं, 'आतडं कापलंय, एवढं चालायचंच.' हे उत्तर मला मान्य नाही. त्यातल्या बऱ्याच जणांच्या त्रासाला नेमकं कारण असतं आणि त्यावर औषधही असतं. गंमत म्हणजे ते औषध कोलेस्टेरॉलचं आहे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. (आपल्याकडे 'पित्त झालं' म्हणतात ते वेगळं, ती जठरातली ॲसिडिटी.) ही आम्लं स्निग्ध पदार्थ पचवतात आणि काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे आयलियममध्ये, जवळजवळ ९५ टक्के परत शोषली जातात. आतड्याचा क्षय, क्रोन्स किंवा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर यासाठीच्या ऑपरेशनात नेमका हाच भाग अनेकदा काढावा लागतो. मग न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. पातळ, घाईची शौच होते ती यामुळे.

कोलेस्टायरामाइन ही पावडर आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवते. त्यांची तूट भरून काढायला यकृत आणखी कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८४ साली आले, तेव्हा या पावडरीने हृदयविकाराचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. सहभागी झालेल्यांची मुख्य कुरकूर होती बद्धकोष्ठाची. पुढे १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन बाजारात आलं आणि घशाखाली न उतरणारी ही रेताड पावडर मागे पडली. मात्र जी तक्रार हृदयरोग्यांना नकोशी होती, तीच जुलाबाने हैराण झालेल्याला हवी असते.

ती सगळ्यांना चालते असं मात्र नाही. साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त आयलियम गेलं असेल, तर शरीरातली पित्ताम्लंच अपुरी पडतात, शौच तेलकट होते. अशा वेळी पावडरने त्रास वाढतो. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं असेल तरी ती नको. थायरॉईडची गोळी, वॉरफरिन, डिगॉक्सिन यांनाही ती आतड्यातच अडकवते, म्हणून बाकीची औषधं तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यावी लागतात. आयलियम गेलेल्याला ब-१२चं इंजेक्शन लागू शकतं, ते वेगळंच. आणि शौचातून रक्त, ताप किंवा घटतं वजन असेल तर आधी तपासण्या, पावडर नंतर.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी. स्टॅटिन हे पित्ताम्लं बांधणारं औषध नाही. काहींना त्यानेही पोट बिघडल्यासारखं वाटतं, पण म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये; हृदयासाठी दिलेली गोळी डॉक्टरांशी बोलूनच बदलावी.

ब्रिटनमध्ये पित्ताम्लांच्या शोषणाची खास तपासणी होते. ती जिथे नाही तिथे डॉक्टर काही दिवस पावडर देऊन पाहतात, आणि गुण येतो की नाही हे लवकर कळतं. पण त्यासाठी आतड्याचा कोणता भाग आणि किती लांब काढला, हे समोरच्या डॉक्टरला माहीत हवं. ही नोंद ऑपरेशनच्या कागदांत असते, डिस्चार्ज कार्डावर मात्र 'आतड्याची शस्त्रक्रिया' एवढंच लिहून मोकळं होतात. सर्जननी तिथेच सेंटिमीटरही लिहावेत. रुग्णानेही घरी जाण्याआधी ते मागून घ्यावेत.