आजीच्या गोळ्या आणि नातीची परीक्षा



मुलांच्या शिक्षणाविषयी या सदरातून आपण नेहमीच बोलत आलो आहोत. डी.एड., नर्सिंग, आयटीआय, स्पर्धा परीक्षा या वाटा आता आपल्या घरांना परिचयाच्या झाल्या आहेत. परंतु घरातली मुलगी जेव्हा म्हणते, "मला उपयोजित कला शिकायची आहे," तेव्हा आईबापांच्या छातीत धस्स होते. आमच्याही झाले होते. यंदा आमच्या लेकीचे हे चार वर्षांचे शिक्षण पूर्ण झाले. शेवटच्या वर्षाने तिला काय शिकवले आणि तिच्याहून अधिक मला काय शिकवले, ते आज सांगायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही लपवणार नाही.

उपयोजित कला, म्हणजेच ग्राफिक डिझाइन, हे नाव मोठे वाटते. पण ते काम आपण रोज पाहतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ, बिस्किटाचे वेष्टन, एस.टी. स्थानकावरची पाटी, मोबाइलच्या पडद्यावरच्या खुणा, हे सारे कोणीतरी विचार करून आखलेले असते. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिथे व्यावसायिक कलेचा वेगळा विभाग १९३५ साली आला. आज कोकणातली मुले या शिक्षणासाठी मुंबईला जातात, सावर्ड्याला जातात, गोव्याला पणजीलाही जातात.

आमचे घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. लेकीने शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. बारावीनंतर तिने मुंबईला प्रवेश मिळवला. "चित्रे काढून पोट भरते काय?" असे भावकीने विचारले. तो प्रश्न खरे म्हणजे माझ्याच मनातला होता. त्यांनी फक्त बोलून दाखवला.

या शिक्षणात शेवटचे वर्ष महत्त्वाचे. विद्यार्थ्याने एक विषय निवडायचा, त्याचा महिनोन्‌महिने अभ्यास करायचा आणि शेवटी आपले काम भिंतीवर मांडून बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभे राहायचे. तिच्या वर्गातल्या कोणी अत्तर घेतले, कोणी मोटारसायकल, कोणी कॉफीचे दुकान. आमच्या लेकीने मालवणी मसाला घेतला होता. आकर्षक पाकीट, लाल रंग, वर माशाचे चित्र. आम्हालाही ते आवडले होते.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि त्याच आठवड्यात ती घटना घडली. माझ्या आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे. साखरेची गोळी सकाळी नाश्त्यापूर्वी आणि रक्तदाबाची रात्री, असे डॉक्टरांनी सांगितलेले. एके दिवशी पहाटे आई घामाने भिजलेली, जीभ जड, डोळे भलतीकडे. ती शुद्धीवर होती म्हणून शेजारच्या वहिनींनी लगेच साखरपाणी पाजले आणि आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला. साखर फार खाली गेली होती. आईने सकाळची गोळी रात्रीही घेतली होती.

आई वाचली. घरी आल्यावर लेकीने आजीला सगळ्या गोळ्या अंथरुणावर मांडायला सांगितल्या आणि विचारले, "आजये, तू ह्यो वळखतंस कशो?" तेव्हा कळले की आई गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखत होती. चंदेरी ती सकाळची, निळी ती रात्रीची. त्या महिन्यात दुकानात नेहमीच्या कंपनीचे औषध नव्हते. दुसऱ्या कंपनीचे तेच औषध मिळाले आणि सकाळच्या गोळीचे पाकीट निळे आले. एवढेच घडले होते.

आता माझी चूक. प्रत्येक पाकिटावर मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून ठेवीत असे: 'सकाळी, नाश्त्यापूर्वी', 'रात्री, जेवणानंतर'. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेला हात, अक्षर मोत्यासारखे. पण ते वाचणार कोण? माझ्या आईने शाळेची पायरी कधी चढलेली नाही. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांना मी बाराखडी शिकवली आणि घरात आईसाठी पाकिटावर अक्षरे लिहून मोकळा झालो. दर वेळी विचारायचो, "कळला मां?" आणि ती दर वेळी म्हणायची, "होय, कळला." मुलगा मास्तर, त्याच्यापुढे कळले नाही म्हणायला तिला लाज वाटत होती.

लेकीने मसाल्याचा विषय सोडला. तिने विषय घेतला औषधाच्या कागदी पाकिटाचा. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या घालून देतात ते साधे खाकी पाकीट. अट तिनेच घातली: रंग एकच, म्हणजे छपाई स्वस्त पडेल, आणि अक्षर न येणाऱ्याला कळले पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात तिने सकाळसाठी अर्धा सूर्य, दुपारसाठी पूर्ण सूर्य, संध्याकाळसाठी पुन्हा अर्धा सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढला. आजीने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "ह्यो सूर्य सकाळचो काय सांजचो?" प्रश्न अगदी बरोबर होता. अर्धा सूर्य दोन्ही वेळा सारखाच दिसतो. मग आजीनेच तोड सुचवली, "डोंगराच्या माथ्यार दिसता तो सकाळचो, दर्यात बुडता तो सांजचो." आपल्या किनाऱ्यावर यापेक्षा सोपे काय असणार? सह्याद्री पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. नवे चित्र वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहताक्षणी ओळखले.

लेक आनंदाने मुंबईला गेली आणि वसतिगृहातल्या लातूरच्या मैत्रिणीला तिने ते दाखवले. ती म्हणाली, "आमच्याकडे सूर्य शेतातून उगवतो आणि शेतातच मावळतो. माझ्या आजीने समुद्र बघितलेलाच नाही." चित्र सगळ्यांना कळते असे आपण सहज म्हणतो. ऑस्ट्रियातील ऑटो नॉयराथ या विचारवंताने व्हिएन्नात १९२०च्या दशकात सर्व माणसांना कळेल अशी चित्रलिपी घडवण्याचे मोठे काम केले. त्या कामाचा उपयोग जगभर झाला. परंतु चित्रालाही गाव असते, हे लेकीला लातूरच्या आजीमुळे कळले. मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिथल्या पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिले गेले. चापुल्तेपेक स्थानकाला नाकतोड्याचे, कारण त्या नावाचा अर्थच नाकतोड्यांची टेकडी. त्यांनीही चित्रे आपल्याच मातीतून उचलली.

आपल्या देशाने तर हा धडा त्याआधीच घेतला होता. १९५१ च्या जनगणनेत आपली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. तरी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. आधी अक्षर शिका आणि मग मत द्या, असे कोणी म्हटले नाही. अक्षर नसलेल्या माणसालाही पेटी ओळखता आली पाहिजे, ही जबाबदारी व्यवस्थेने घेतली. तीच जबाबदारी औषधाच्या पाकिटाने घ्यावी, एवढेच आमच्या लेकीचे म्हणणे होते.

सकाळसाठी तिने चहाचा कप काढून पाहिला. आजी हसली, "चाय मी दिसात चार खेपा घेतंय." शेवटी सकाळसाठी आरवणारा कोंबडा ठरला. तो मालवणातही कळला आणि लातूरलाही. दुपारसाठी डोक्यावर आलेला सूर्य, रात्रीसाठी चांदणे आणि झोपलेला माणूस. प्रत्येक चित्राखाली मोठा चौकोन, त्यात दुकानदाराने जितक्या गोळ्या तितकी वर्तुळे पेनने काढायची.

अडले ते जेवणापाशी. 'जेवणापूर्वी' दाखवायला तिने रिकामे ताट काढले. वाडीतल्या एका आजोबांनी त्याचा अर्थ लावला, "गोळी घेतल्यार उपाशी रवाचा." साखरेची गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला तर पुन्हा तेच, घाम, जीभ जड आणि दवाखाना. लेकीने तेव्हा मला एक गोष्ट सांगितली. धोक्याच्या खुणांसाठी अमेरिकेत एक मानक आहे. खूण स्वीकारायची तर १०० पैकी निदान ८५ लोकांना तिचा अर्थ बरोबर कळला पाहिजे आणि घातक असा उलटा अर्थ घेणारे ५ हून अधिक नसावेत. न कळणे एकवेळ चालेल, कारण न कळलेला माणूस कदाचित कोणाला विचारील. उलटे कळलेला माणूस विचारतही नाही.

तिने ताटाची पुष्कळ चित्रे काढली. आधी गोळी मग ताट, बाण, हात. बाण कोणत्या दिशेने वाचायचा हेसुद्धा शाळेत गेलेल्यालाच ठाऊक असते. ते चित्र काही जमले नाही.

तेव्हा तिला आठवण झाली कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आपल्या जिल्ह्याला भूषण आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी नुसते चित्र दाखवून थांबत नाही. एकेक चित्र पुढे धरतो आणि गाऊन, बोलून कथा सांगतो. चित्राला तोंड लागते. लेकीने पाकिटाची मागची बाजू दुकानदारासाठी ठेवली आणि तिथे दोनच ओळी लिहिल्या: 'कळले का, असे विचारू नका. गोळी कशी घेणार, ते सांगायला लावा.'

परीक्षेच्या दिवशी एका परीक्षकांनी विचारले, "म्हणजे तुमचे चित्र अपुरे आहे, हे तुम्हीच कबूल करता?" ती म्हणाली, "होय सर. जेवणाचे चित्र अपुरे आहे. ते काम माणसाने बोलून करायचे आहे." पारितोषिक तिला मिळाले नाही. ते कॉफीच्या दुकानाला मिळाले आणि ते काम चांगले होते, असे तीच सांगते. तिला गुण मात्र समाधानकारक पडले.

मे महिन्यात ती घरी आली तेव्हा रात्री ओटीवर बसून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी वर्गात सगळे इंग्रजीत चाले. 'कर्निंग' हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. दोन अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्यांना बरोबर वाटेल अशी कमीजास्त करणे, एवढाच त्याचा अर्थ. पण "कळले का?" असे विचारले की सारा वर्ग मान हलवी आणि हीसुद्धा हलवी. मग रात्री मैत्रिणीची वही मागून घेई. वर्षभर तिने अशीच मान हलवली. "बाबा, आजी जशी तुम्हाला होय म्हणायची ना, तशीच मी," ती म्हणाली. मी गप्प बसलो. माझ्या वर्गात तीस वर्षांत किती मुलांनी माझ्यापुढे अशी मान हलवली असेल, याचा मी त्या रात्री विचार करीत होतो.

आता ती मुंबईत एका छोट्या कार्यालयात नोकरी करते. काम बिस्किटांच्या वेष्टनांचे आहे. पगार बेताचा आहे, पण तिचा तिला पुरतो. हल्ली संगणकाला सांगितले की तो क्षणात शंभर सूर्य काढून देतो, मग या मुलांचे पुढे काय होणार, ही काळजी मलाही वाटते. मात्र शंभरांतला कोणता सूर्य आजीला कळतो, हे पाहायला कोणीतरी आजीच्या अंथरुणाशी बसावे लागते. लेक तिथे बसली होती, एवढे मी पाहिले आहे.

आमच्या जवळच्या औषध दुकानदाराने तिची थोडी पाकिटे छापून घेतली आहेत. घाईच्या वेळी तो मागच्या दोन ओळी विसरतो, हेही खरे आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, पाकिटाची वाट पाहू नका. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांच्या गोळ्या त्यांनाच मांडू द्या. "कळले का?" असे विचारू नका. "कुठली कधी घेतेस, मला दाखव," असे म्हणा. आणि औषधाचे पाकीट बदलले असेल तर त्याच दिवशी पुन्हा विचारा. माझी आई आता रोज रात्री मला पाकीट दाखवते, कोंबड्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "ही उद्याची." मग मी दिवा मालवतो.