पडल्यावर लगेच चढू नका, पण घोडा सोडूही नका

घोड्यावरून कुणी पडलं की वस्तीत दोन आवाज लगेच उठतात. एक म्हणतो, "ऊठ, आत्ताच्या आत्ता परत बस, नाहीतर भीती बसेल." दुसरा म्हणतो, "फिटली ना हौस? आता घोड्याचं नावसुद्धा काढायचं नाही." पहिला आवाज बहुधा काकाचा किंवा मित्रांचा असतो, दुसरा आईचा नाहीतर आजीचा. दोघांच्या पोटात माया आहे, हे आम्हाला मान्य आहे. तरीही आमचं स्पष्ट मत आहे की दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला जिवावर बेतू शकतो आणि दुसरा माणसाला कायमचा घाबरवून ठेवतो.

घोडेस्वारी हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण लग्नसराईत वरातीची घोडी धरणारी, रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दारी करणारी, माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारी माणसं कष्टकरी घरांतूनच येतात. एनसीसीच्या घोडेस्वारी पथकात नाव घालावं अशी इच्छा असलेल्या मुली आता आपल्या घरांतही आहेत. सहलीला गेलेलं कुटुंब तर हौसेने पोराला घोड्यावर बसवतंच. जो घोड्यावर बसतो तो कधी ना कधी पडतो. पडल्यानंतरचे दिवस कसे काढायचे, हे मात्र कुणी शिकवत नाही.

आधी डोकं आणि मान

घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं. तिथून आदळल्यावर पहिली काही मिनिटं शरीर अ‍ॅड्रेनालिनच्या जोरावर चालतं, दुखणं नीट कळत नाही. "मला काही झालं नाही" म्हणत उठून उभा राहिलेला माणूस तासाभराने उलट्या करू लागतो, हे आम्ही नोकरीत असताना अपघात विभागात अनेकदा पाहिलं आहे. म्हणून लगेच परत बसवण्याला आमचा विरोध आहे. मेंदूला हादरा बसलेला असताना पुन्हा डोक्यावर पडणं फार घातक ठरू शकतं.

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर माणसाला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. आहे तसं राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. सुपरमॅनची भूमिका करणारा अमेरिकी नट ख्रिस्तोफर रीव्ह मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडला. डोक्यावर हेल्मेट होतं, तरी मानेचे मणके मोडले आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं.

शुद्ध हरपणं, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, झटके, झोपेतून जागं न होणं, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यांतलं एकही लक्षण दिसलं तर घरी थांबू नका. घोड्याची लाथ पोटावर बसली असेल आणि पोट दुखत असेल, तर बाहेर खूण नसली तरी दवाखाना गाठा, आत रक्तस्राव असू शकतो. काहीच लक्षण नसलं तरी पहिले २४ ते ४८ तास जवळ कुणीतरी असावं. हळदीच्या लेपावर भागवू नका. हाड मोडलंय की नाही हे एक्स-रेच सांगतो. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं तर मोठ्या माणसात ते जुळायला किमान सहा ते आठ आठवडे लागतात. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे

हाड जुळतं, प्लास्टर निघतं आणि मग खरी अडचण सुरू होते. तबेल्याचा वास आला तरी छातीत धडधडतं. रिकिबीत पाय घातला की गुडघे थरथरतात. अशा माणसाला भित्रा म्हणू नका. मेंदूतला धोका ओळखणारा भाग त्या पडण्याची नोंद ठेवतो. तोच वास, तीच उंची, तोच टापांचा आवाज पुन्हा आला की तो सावध करतो. ते त्याचं कामच आहे.

पण या भीतीला टाळण्याची सवय लागली की ती वाढते. माणूस घोड्यापासून दूर राहतो, त्या क्षणी त्याला बरं वाटतं आणि "लांब राहिलो म्हणून वाचलो" हा धडा मेंदू पक्का करतो. पडलेल्या ताईच्या स्कूटीची चावी वर्षानुवर्षं खिळ्याला लटकत राहते, ती याच कारणाने.

घोड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं घोड्याला घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात होती, कुणी लगाम धरून, कुणी घोड्यावर बसून. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. आपली भीती घोड्यापर्यंत पोहोचते, ती अशी. आणि बिथरलेल्या घोड्यावरून पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. म्हणून "मन घट्ट कर आणि बस" हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

पायरीपायरीने

इंग्लंडचा नामांकित घोडेस्वार विल्यम फॉक्स-पिट ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्रान्समधल्या स्पर्धेत पडला. डोक्याला मार लागून तो कोमात गेला. दहा महिन्यांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिंपिकमध्ये घोड्यावर होता. जगातल्या मोठ्या घोडेस्वारालाही परत यायला महिने लागतात, तर आपल्या पोराला तिसऱ्या दिवशी का ढकलायचं?

आम्ही सुचवतो तो क्रम असा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी नुसतं घोड्याजवळ उभं राहा, चारा घाला, खरारा करा. मग लगाम धरून त्याला फिरवा. नंतर जाणत्या माणसाने घोडा धरलेला असताना फक्त वर बसा आणि उतरा. मग धरलेल्या घोड्यावरून संथ चाल. त्यानंतर लगाम आपल्या हातात. मग दुडकी. भरधाव पळवणं सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवसांसाठी वयाने मोठा, शांत घोडा मागून घ्या. ज्याने पाडलं त्याच्यावरच बसून दाखवण्याची पैज लावू नका.

प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्या. सात असेल तर त्याच पायरीवर थांबा, घोड्याच्या मानेवर हात ठेवा, श्वास सावकाश सोडा. विहारात आनापान शिकलेल्यांना हे अवघड नाही. गुण तीन-चारवर आले की उतरा. भीती शिगेला असताना पळ काढला तर ती तशीच राहते, उतरल्यावर उतरलं तर मेंदू नवा धडा शिकतो. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास पुरेसा आहे. एखाद्या दिवशी एक पायरी खाली यावं लागलं तर तेही चालतं.

हनुवटीखाली पट्टा नीट बसणारं घोडेस्वारीचं हेल्मेट हवंच. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला. चप्पल किंवा सँडल घालून रिकिबीत पाय घालू नका. पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. थोडी टाच असलेला बूट घाला.

मानाचं ओझं पोरावर नको

आपल्या समाजात घोडा हा नुसता प्राणी नाही. देशाच्या काही भागांत आजही आपल्या नवरदेवाला घोडीवरून खाली उतरवलं जातं. राजस्थानात बुंदी जिल्ह्यात २०२२ साली दलित नवरदेवांना घोडीवर बसता यावं म्हणून पोलिसांना 'ऑपरेशन समानता' नावाची मोहीम राबवावी लागली. त्यामुळे आपली मुलगी घोड्यावर बसली की घरादाराची छाती फुगते, हे आम्ही समजू शकतो.

पण तीच मुलगी पडली की तिच्यावर दुहेरी मार बसतो. बाहेरचे म्हणतात, "यांना कुठलं झेपतंय." घरचे म्हणतात, "समाजाची लाज राख, चढ परत." आमचं म्हणणं, दुखऱ्या खांद्याच्या मुलीवर समाजाच्या मानाचं ओझं टाकू नका. तिने परत यायचं ठरवलं तर सोबत जा. महिनाभर प्रयत्न करून "मला नको" म्हणाली तर तेही ऐका. बसण्याचा हक्क जसा तिचा, तसा न बसण्याचा निर्णयही तिचाच. एवढंच बघा की तो निर्णय टोमण्यांनी झालेला नसावा. महिना उलटूनही पडण्याची स्वप्नं पडत असतील, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सगळ्यात अवघड स्थिती पोटासाठी घोड्याजवळ जाणाऱ्यांची आहे. फॉक्स-पिटला महिने मिळाले. वरातीची घोडी धरणाऱ्या पोराला एक दिवस बसलं तरी मजुरी बुडते, म्हणून तो सुजलेल्या हाताने आणि थरथरत्या पायांनी परत जातो. त्याच्या भीतीचा विचार मालक करत नाही आणि आपणही करत नाही. घोड्याच्या मालकाने हेल्मेट द्यावं, कामावर जखमी झालेल्याचा उपचार करावा, बरं होईपर्यंत निम्मी तरी मजुरी द्यावी आणि सुरुवातीला शांत घोड्याचं काम द्यावं, ही मागणी अवास्तव नाही. एकट्याने मागितली तर तो पोरगा कामावरून जाईल. मंडळाच्या चार माणसांनी सोबत जाऊन मागितली तर मालकाला ऐकावं लागेल. लग्नसराई सुरू होण्याआधी आपल्या वस्तीत अशी किती पोरं आहेत याची यादी करा आणि पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.