पेटी शिकवणाऱ्याचा पगार

संगीतातून तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करायची म्हटली की देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी वाद्ये येतात. किती तबले, किती पेट्या, एखादा कीबोर्ड. वस्तूवर नाव घालता येते, उद्घाटन करता येते, अहवालात फोटो लावता येतो. पेटी शिकवणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो का, आणि पुढच्या वर्षी मिळणार का, हे क्वचितच कुणी विचारते. माझे म्हणणे असे की अशी संस्था तगणार की नाही, हे जवळजवळ सर्वस्वी याच प्रश्नावर ठरते. गोंदिया जिल्ह्यातल्या नागऱ्यासारख्या गावात तर त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या इतर पुष्कळ ठिकाणांपेक्षा सोपे आहे, कारण शिकवू शकणारी माणसे त्या मुलखात आधीपासून आहेत.

नागरा गोंदिया शहराला लागून आहे. प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा ही त्याची जुनी ओळख. आसपासचा सारा पट्टा धानाचा. रोवणी, कापणी, चुरणी आटोपली की हाताला काम उरत नाही, आणि शहर इतके जवळ असूनही तिथे आपली म्हणावी अशी जागा गावातल्या पोराला सहज सापडत नाही. हाच पट्टा झाडीपट्टीचा भाग आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई सुरू होते, दंडार आणि खडी गंमत रंगते, आणि रात्र रात्र नाटके चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर ध्वनिमुद्रित संगीत रुळून कितीतरी वर्षे झाली. झाडीपट्टीत मात्र ऑर्गन, तबला घेऊन वादक अजून रंगमंचापुढे बसतात आणि नट स्वतः गातात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे क्षणभर पाहिले. पण होळीच्या सुमारास हंगाम उलगला की त्यातले बरेच वादक शेतावर, मजुरीवर, तेंदुपत्त्याच्या कामावर जातात. ज्याला दहा गायकांच्या दहा पट्ट्या तोंडपाठ आहेत, समोरच्याचा सूर चुकला तर क्षणात सावरून घेता येतो, असा माणूस वर्षातले सहा-सात महिने आपली विद्या मिटवून ठेवतो. ही उधळपट्टी मला अतिशय खुपते.

संगीताने तरुणांचे नेमके काय भले होते, हे सांगताना हात आखडता घेतलेला बरा. गाणे शिकल्याने गणित सुधारते, बुद्धी वाढते, असे दावे देणगीच्या पत्रकांत सर्रास दिसतात. त्यांना भक्कम आधार नाही. या क्षेत्रातले जगातले सर्वांत गाजलेले काम व्हेनेझुएलाचे. होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली तिथे मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली आणि ती 'एल सिस्तेमा' या नावाने पुढे अनेक देशांत पोहोचली. तिचा काटेकोर अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते १४ वर्षांची २,९१४ मुले होती आणि कुणाला आधी प्रवेश मिळावा हे सोडतीने ठरवले होते. बुद्धिमापनात फरक दिसला नाही. आत्मसंयम थोडा वाढला आणि वर्तनाच्या तक्रारी थोड्या घटल्या, तेही ठळकपणे दिसले ते हिंसेच्या सावलीत वाढणाऱ्या मुलग्यांत आणि कमी शिकलेल्या आयांच्या मुलांत. एवढ्या जुन्या कार्यक्रमातही सर्वांत गरीब घरांतली मुले अपेक्षेपेक्षा कमी आढळली, हा त्यातला बोचरा निष्कर्ष. इंग्लंडमधला २०१५ सालचा दुसरा एक अभ्यास प्रौढांच्या वर्गांचा आहे. गाण्याचे वर्ग, हस्तकलेचे वर्ग आणि लेखनाचे वर्ग सात महिने चालले. शेवटी तिन्हीकडे माणसे सारखीच जवळ आली, पण गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यांच्या आधी जमली.

हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर मला त्यातून एक गोष्ट निघताना दिसते. संगीत अनोळखी मुलांना लवकर एकत्र आणते. पुढचे सगळे काम मात्र वेळ घेते, आणि ती मुले रोज कुणाच्या समोर बसतात यावर अवलंबून असते. चार दिवस न आलेल्या पोराच्या घरी जाऊन चौकशी करणारा, दारू पिणाऱ्या बापाशी भांडण न करता बोलणारा, मुलीला संध्याकाळी पाठवायला घर तयार नसेल तर वर्गाची वेळ बदलणारा माणूस लागतो. अर्ध्या वर्षाने बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून हे होत नाही. स्वयंसेवी क्षेत्रात अकरा महिन्यांचे करार आणि प्रकल्प संपला की संपणारी नोकरी सरसकट चालते. ज्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसे आधीच कामासाठी परगावी जातात, त्यांच्या वाट्याला आपण आणखी एक निघून जाणारा माणूस देतो. अशा वेळी वर्ग सुरू न केलेला परवडला, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहासही हेच सांगतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशांवर. नंतर ते मुंबईला आले, कर्ज काढून इमारत उभी केली, आणि १९२४ साली कर्जापायी ती वास्तू लिलावात गेली. पण तोवर त्यांनी शिकवणारी माणसे घडवली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशा शिष्यांची फळी उभी होती. पलुस्कर १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात. वास्तू हातची गेली तरी शिक्षक टिकले, म्हणून विद्या टिकली. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केले आणि वंचित मुलांच्या हाती व्हायोलिन, सेलो दिले. सेलो एकदा विकत आणता येतो, तो वर्षानुवर्षे शिकवणारा माणूस मात्र भारतात सहज मिळत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंत त्यात गातात, वाजवतात, नाचतात. तो उभा राहू शकला, कारण कलावंत आणि त्यांना शिकवणारे एकाच वसाहतीत राहतात आणि त्यांच्या जेवणाखाण्याचा प्रश्न आधी सुटलेला असतो.

नागऱ्यात वडसा किंवा लाहोर उभारायचे नाही. विदर्भाला परिचित असलेला नमुना तुकडोजी महाराजांचा आहे. त्यांनी खंजिरीवर भजने गात गावे हलवली, मोझरीला गुरुकुंज उभारले, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी प्रार्थना, सफाई, व्यायाम आणि भजन यांची सांगड घातली. ज्या पोराला कुठल्याच सभेत बोलता येत नव्हते त्याच्या हाती खंजिरी आली. पण ते सारे निष्ठेच्या बळावर उभे राहिले, आणि निष्ठा पिढीगणिक आपोआप उतरत नाही. गोंदिया जिल्ह्यातच, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तिथली परंपरा सांगते की गुहेत कोंडलेल्या तेहतीस मुलांसाठी हिरासुका पाटालीर हा वादक धावून आला. त्याच्या किंगरीच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलली, आणि त्याच शिळेखाली तो वादक चिरडला गेला. मुलांसाठी प्राण देणाऱ्या वादकाची आठवण जपणारा हा जिल्हा आहे. त्या आठवणीला मान द्यायचा तर आजच्या वादकाकडून पुन्हा तसाच त्याग मागू नये. त्याला पगार द्यावा.

पैसा कुठून यायचा? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कला शिकवणारे अंशकालीन निदेशक मान्य केले, पण त्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील तरच. लहान गावाची शाळा या अटीतच गळते. राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते आणि ते द्यायलाच हवे, पण ते उतारवयातले आहे. हातात ताकद असताना शिकवण्यासाठी द्यावा असा पैसा सहज मिळत नाही. उरतो कंपन्यांचा सामाजिक निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, आणि शिक्षणाबरोबर कला-संस्कृतीही त्या यादीत आहे. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, म्हणजे या जिल्ह्यात असा निधी अनोळखी नाही. 'पगार हा प्रशासकीय खर्च, त्यावर मर्यादा आहे' असे उत्तर अनेकदा मिळते. २०२१ च्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने निधीच्या व्यवस्थापनावर केलेल्या स्वतःच्या खर्चाला आहे. वर्गावर शिकवणाऱ्याचा पगार हा प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च. दोन शिक्षकांना दरमहा १५,००० रुपये दिले तर वर्षाला ३ लाख ६० हजार होतात, पाच वर्षांचे १८ लाख. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम शोधावी लागेल.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा. पोरांना काम हवे आहे आणि तुम्ही त्यांना पेटी देता, असे लोक म्हणतील. त्यात तथ्य आहे, म्हणून या वर्गाला रोजगार योजना म्हणून खपवू नये. एखादा मुलगा पुढे नाटकात वाजवील, एखादी मुलगी लग्नाच्या कार्यक्रमांत गाईल, बाकीचे आयटीआयला, शेतीला, पोलीस भरतीला जातील. संध्याकाळचे दोन तास कुणी आपली वाट पाहते हे ठाऊक असलेले पोर सकाळी भरतीच्या सरावाला जास्त नियमाने जाते की नाही, हे मोजून पाहण्यासारखे आहे, आणि संस्थांनी ते प्रामाणिकपणे मोजावे. दुसरा आक्षेप आवडीचा: मुलांना डीजे आणि रॅप हवे, खडी गंमत नको. मग रॅप शिकवावे. धारावीत २०१५ पासून हिप-हॉपची मोफत शाळा चालते, आणि तिथली मुले आपल्या वस्तीबद्दल आपल्या भाषेत बोलू लागली. नागऱ्यातल्या पोराने झाडीबोलीत किंवा पोवारीत रॅप केला तर परंपरेचे काही बिघडत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मला वाटतो तो वेगळाच. गावातले गाणे अनेकदा देवळाच्या ओट्यावर चालते. तिथे कोण बसतो, कोण कडेला उभा राहतो आणि कोण येतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. भीमगीते गाणारी वस्ती, गोंड वस्ती, मुस्लिम घरे आणि जवळजवळ प्रत्येक घरातल्या मुली यांना सामावणारी जागा देऊळ नसेल. ती शाळा असावी किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह. दोन शिक्षकांतली एक बाई असावी, आणि शक्यतो दोघे एकाच समाजातले नसावेत. वर्गात पोवाडा, भीमगीत, भजन, गोंडी गाणे आणि चित्रपटगीत यांना सारखी जागा मिळावी. व्हेनेझुएलात गरिबांतले गरीब बाहेर राहिले ते कुणी हाकलले म्हणून नव्हे. जी घरे स्वतः चौकशी करत आली त्यांचीच मुले आत आली. इथे कार्यकर्त्याला घरोघरी जाऊन बोलवावे लागेल, आणि त्या फिरण्याच्या तासांचाही पगार मोजावा लागेल.

एक अडचण खरी आहे. झाडीपट्टीचा चांगला वादक दिवाळी ते होळी रात्रीचा दौऱ्यावर असतो, आणि नेमके तेच महिने शाळेचे असतात. त्याला दौरा सोडायला सांगणे अन्यायाचे होईल. म्हणून एक शिक्षक दौरे थांबवलेला, वयाने थोडा मोठा, वर्षभर गावात राहणारा हवा. दुसरा हंगामी वादक, जो होळीनंतर पूर्णवेळ येईल आणि थंडीत जमेल तेव्हा. करार पाच वर्षांचा, मानधन बँकेत, आणि पहिल्या वर्षी एकही जाहीर कार्यक्रम नाही, अशा तीन अटी घातल्या तर देणगीदाराचा धीरही कळेल. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. होळीपासून तोवर तीन महिने मिळतात, आणि तेवढ्यात माणसे निवडून करार करता येतात.