यात्रेकरूचा मुक्काम आणि संस्थानांचे मौन

प्रवासात एखादे कुटुंब लुबाडले गेले, की भोवती जमणाऱ्या मंडळींचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘अहो, आधी नीट चौकशी करावयास नको होती काय?’ ज्याचे द्रव्य गेले त्याच्याच पदरी अपराध बांधून सगळे मोकळे होतात. अमुक वस्तीत उतरू नये, तमुक वाहनात बसू नये, फार स्वस्त मिळू लागले तर संशय घ्यावा, अशा उपदेशांची यादी दरवर्षी लांबत जाते. फसणारे मात्र कमी होत नाहीत. माझे म्हणणे असे की, हा उपदेश भलत्याच माणसाला केला जात आहे. तो ज्यांना करावयास हवा ती मंडळी आपल्या देवस्थानांच्या कार्यकारिणीत, विश्वस्त मंडळांत आणि यात्रा काढणाऱ्या समाजांत सन्मानाने बसलेली आहेत.

वासोण्याचे उदाहरण घेतो. सिल्वासा शहरापासून दहाएक किलोमीटरवर, खानवेलच्या रस्त्याला हे गाव आहे. तेथील सिंहांच्या उद्यानामुळे मुलाबाळांची कुटुंबे तिकडे वळतात. सवड असल्यास साकरतोड नदीकाठी बिंद्राबिनच्या ताडकेश्वराचे दर्शन घेतात, दुधनीस मधुबन धरणाच्या पाण्यात नौका पाहतात आणि जव्हारवरून त्र्यंबकेश्वराकडे निघतात. आपल्या गोमंतकीयांना या मुलुखाविषयी वेगळी आपुलकी असावयास हवी. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे स्वयंसेवक होते, संगीतकार सुधीर फडके होते. गोव्याला त्यानंतर सात वर्षे वाट पाहावी लागली. पण आज आमचे लोक तिकडे निघाले की घरातली वडीलधारी माणसे विचारतात, ‘तो आदिवासी मुलूख ना? रात्री उतरायला जागा बरी आहे ना?’

या प्रश्नातच पहिली चूक आहे. वारली, कोकणा, धोडिया यांच्या पाड्यांना आपण संशयित ठरवतो आणि ज्याच्या दारावर निऑनची पाटी आहे त्याला सुरक्षित म्हणतो. वस्ती गरीब दिसली की ती धोक्याची, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय मनात इतकी मुरली आहे की ती तपासून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. सिल्वाशात मुक्कामाची जागा निवडताना जो विचार खरोखर करावयास हवा तो निराळा आहे. शेजारच्या गुजरातेत, काही परवान्यांचे अपवाद सोडता, दारूबंदी आहे आणि या संघप्रदेशात ती नाही. शनिवार-रविवारी तिकडून येणारा मोठा वर्ग कशासाठी येतो हे सांगण्यास ज्योतिषी नको. येथे मद्य विकणे वा पिणे गुन्हा नाही, आणि मला कोणाला नीती शिकवावयाची नाही. परंतु लहान मुले नि वृद्ध आई यांना घेऊन जाणाऱ्याने खोलीचा दर विचारण्यापूर्वी ‘तुमच्या जागेत बार आहे काय, शनिवारी रात्री गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असतो काय?’ हे विचारावे. दुसरा विचार वाहनाचा. बहुतेक मंडळी वापी स्थानकावर उतरतात, तेथून सिल्वासा सतरा-अठरा किलोमीटर. अनोळखी वाहनचालक ज्या हॉटेलात नेण्याचा आग्रह धरतो ते त्याला दलाली देणारे असण्याचा संभव मोठा. जागा आधी ठरलेली असावी, भाडे बसण्यापूर्वी ठरावे आणि रात्री अकराला पोहोचणाऱ्या गाडीपेक्षा दुपारची गाडी पत्करावी. एवढे केले तर वासोण्याची सहल बिनघोर होते. किरकोळ ठकबाजीवर हे किरकोळ उपाय पुरतात.

खरी लुबाडणूक हल्ली घरी बसल्या जागीच होते, आणि ती देवाच्या नावाने होते. माझ्याकडे आलेल्या एका अशिलाची हकिगत, नाव-गाव वगळून, सांगतो. निवृत्त शिक्षक, बरोबर पत्नी, विधवा बहीण आणि तीन नातवंडे. वासोण्यास जाण्यापूर्वी एका मोठ्या तीर्थक्षेत्री दोन रात्री राहावयाचे होते. गूगलवर त्या संस्थानच्या भक्तनिवासाचे नाव लिहिताच वर जो दूरध्वनी क्रमांक आला त्यावर त्यांनी विचारणा केली. पलीकडचा मनुष्य मराठीत, आदबीने, ‘गुरुजी’ म्हणून बोलला. मंदिराच्या कळसाचे चित्र असलेली पावती आली. निम्मे पैसे यूपीआयने गेले. मग ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून आणखी गेले. रात्री दहा वाजता हे कुटुंब भक्तनिवासाच्या खिडकीशी उभे राहिले तेव्हा कारकुनाने पावती पाहिली न पाहिली आणि म्हणाला, ‘ही आमची नाही. असे रोज चार-पाच येतात.’

रोज चार-पाच येतात! या वाक्यावर मी अडलो. संस्थानास ठाऊक होते. कारकुनास ठाऊक होते, तेव्हा व्यवस्थापकास असणार आणि विश्वस्तांच्या कानी गेलेच असणार. तरी दाराशी एक फलक नव्हता, संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर एक ओळ नव्हती. त्या रात्री त्या सहा जणांनी दुप्पट भाड्याची खोली घेतली. दोन दिवसांनी खानवेलच्या अलीकडे त्यांची भाड्याची गाडी बंद पडली, तेव्हा ज्या पाड्याविषयी त्यांना इशारे मिळाले होते तेथल्याच एका वारली गृहस्थाने दुरुस्ती करणारा शोधून आणला. पैसे दुरुस्तीवाल्याने घेतले, तेही वाजवी.

हे एकाच संस्थानापुरते नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि प्रवासी यांच्या आरक्षणातील फसवणुकीविषयी देशभर इशारा दिला. केदारनाथची हेलिकॉप्टर-तिकिटे, चारधामच्या यात्रेकरूंसाठी अतिथिगृहे, भाड्याच्या गाड्या, धार्मिक सहली यांची खोटी संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील खोटी पाने यांचा त्यात उल्लेख होता, आणि सोमनाथ ट्रस्टच्या अतिथिगृहाचे आरक्षण ट्रस्टच्याच अधिकृत संकेतस्थळावर करावे असे बजावले होते. शिर्डीत यात्रेकरूंच्या गाड्यांना अक्षरशः लटकणाऱ्या दलालांना लोकांनीच ‘लटकू’ असे नाव दिले. तो लटकू डोळ्यांना दिसतो, त्याला हटकता येते. गूगलवरच्या लटकूला चेहरा नाही.

गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले आणि वाटेत लुटले गेले. परंतु लुटणारा लुटारू म्हणूनच समोर आला होता. त्या आधीच्या ठगांची रीत वेगळी होती. ‘वाट धोक्याची आहे, आपण बरोबर जाऊ’ असे सांगून ते यात्रेकरूंच्या मेळ्यात मिसळत. सुरक्षिततेचे आश्वासन हेच त्यांचे हत्यार होते. ‘बनावट एजंटांपासून सावध’ असे तांबड्या अक्षरांत लिहिलेली बनावट पाने मी स्वतः पाहिली आहेत. मग ‘सावध राहा’ म्हणणाऱ्या उपदेशकांनी सांगावे, सावध राहणाऱ्याने नेमके काय करावे?

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम फसवणुकीचे, ३१९ वे तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड संगणकाद्वारे केलेल्या तोतयेगिरीचे. फसलेला मनुष्य भोळा होता वा निष्काळजी होता, हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही. कायद्याने जो दोष धरला नाही तो दोष शेजारीपाजारी धरतात, हे चमत्कारिक आहे. पण पैसे परत मिळणे ही बाब वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकास संरक्षण दिले. त्रयस्थाने खात्यात हात घातला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. आमच्या गुरुजींनी मात्र स्वतःच्या बोटांनी पिन दाबून पैसे पाठविले होते. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच अधिकृत केला. म्हणून अशा प्रसंगी आशा असते ती १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविण्यात, म्हणजे पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठविता आले तर येतात. घटकाभराचा उशीरही महाग पडतो. आणि या घटका यात्रेकरू कोठे घालवतो? भक्तनिवासाच्या खिडकीशी, आपली पावती खरी आहे असे कारकुनास पटवीत.

पोलिसांच्या हद्दीचा घोळ वासोण्याच्या वाटेवर फारच मौजेचा होतो. वापी गुजरातेत, पुढे दादरा हा संघप्रदेशाचा तुकडा, मग पुन्हा गुजरातेची पट्टी, मग नगरहवेली. याच पट्टीवरून पोर्तुगालने हिंदुस्थानाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की १९५४ साली पोर्तुगालला खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, सैन्य व शस्त्रांपुरता नव्हता. आणि हिंदुस्थानाने त्या हक्काचा भंग केलेला नाही. एवढ्या मोठ्या न्यायासनाला जी हद्द उलगडण्यास वर्षे लागली ती रात्री दहा वाजता एखाद्या ठाणे-अंमलदाराने यात्रेकरूस ‘आमची नव्हे’ म्हणून सांगितली तर नवल नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने ती पळवाट बंद केली आहे: गुन्हा कोठेही घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदविली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तर तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार देता येते. सिल्वाशाच्या हॉटेलवाल्याविरुद्ध फोंड्याच्या माणसाने तिकडे खेटे घालण्याचे कारण नाही. आणि ‘सामानाची जबाबदारी मालकाची’ या पाटीने कोणी घाबरू नये. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात नोकराच्या हाती सोपविलेली मोटार चोरीस गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले, की हॉटेलच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर असली पाटी पांघरूण घालू शकत नाही.

आता संस्थानांकडे वळतो. मी हा विषय काही विश्वस्तांपाशी काढला तेव्हा उत्तर मिळाले: ‘आम्ही देवाची सेवा करणारे, पोलिसांचे काम आम्ही कोठे करीत बसू? एक पान बंद केले तर दहा निघतात.’ हे उत्तर मला पटत नाही. दानपेटीशेजारी कोणी दुसरी पेटी मांडली असती तर हीच मंडळी स्वस्थ बसली असती काय? देणगीसाठी क्यूआरचा फलक सभामंडपात चार ठिकाणी लागतो, त्याखाली खात्याचे नाव ठळक अक्षरांत असते, कारण तेथे पैसा संस्थानाकडे यावयाचा असतो. यात्रेकरूचा पैसा दुसरीकडे जात असेल तर मात्र फलक लावण्यास वर्षे जातात. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी मोठ्या संकेतस्थळांना तक्रार-अधिकारी नेमणे भाग पाडले आहे. ज्याचे नाव चोरले गेले त्याने, म्हणजे संस्थानाने, तक्रार केली तर तिला जे वजन येते ते फसलेल्या गुरुजींच्या तक्रारीस येणार नाही. नाव देवाचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते सांभाळणारे विश्वस्तच आहेत.

आपल्याकडे अग्रशाळा कशासाठी बांधल्या होत्या? मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथे दूरदूरचे महाजन, कुळावी येत, तेव्हा त्यांना उतरण्यास जागा असावी आणि ती कोणाच्या ओळखीने मिळते हे प्रत्येकास ठाऊक असावे, म्हणून. आधी पोस्टकार्ड जाई, उत्तर येई. पत्ता एकच असे, लिहिणारा भटजी वा कारभारी ओळखीचा असे. त्या व्यवस्थेत गैरसोयी होत्या. ओळख नसलेल्याला दार उघडत नसे, हेही खरे. पण कोणी तोतया कारभारी होऊन पत्राचे उत्तर पाठवू शकत नव्हता. आपण पोस्टकार्ड टाकून दिले आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. ती रिकामी जागा भामट्यांनी भरली.

काही संस्थानांत दोष याहून खोल आहे. आरक्षण अधिकृत मार्गाने मिळत नाही, खोल्या ‘भरलेल्या’ असतात, आणि तरी शिफारशीची चिठ्ठी आणणाऱ्याला मिळतात. ज्याच्यापाशी चिठ्ठी नाही तो मधला माणूस शोधणारच. खोल्या किती, त्यांतल्या राखीव किती, कोणासाठी आणि उरलेल्या कोणत्या क्रमाने दिल्या जातात, हे जोवर उघड नाही तोवर प्रत्येक दलाल, खरा वा खोटा, यात्रेकरूस संभवनीयच वाटेल. विश्वस्तांना हे झोंबेल, याची मला जाणीव आहे.

वार्षिक सभांचे दिवस येतील तेव्हा महाजनांनी हिशेबाच्या प्रश्नांबरोबर हेही विचारावे: आपल्या नावाची किती खोटी पाने आढळली, त्यांविरुद्ध लेखी तक्रार कोणी व कोणत्या तारखेस केली? अधिकृत दूरध्वनी क्रमांक आणि ज्या नावाच्या खात्यातच पैसे स्वीकारले जातात ते नाव आमंत्रणपत्रिकांवर, पंचांगांवर, जत्रेच्या जाहिरातींवर छापले काय? आरक्षणाखेरीज रात्री येऊन पडलेल्या कुटुंबासाठी, निदान फसवून आणलेल्या कुटुंबासाठी, दोन खोल्या मोकळ्या ठेवण्याचा ठराव होऊ शकतो काय? आणि खिडकीशी बसणाऱ्या कारकुनाला एवढे तरी शिकवावे, की खोटी पावती पाहताच ‘ही आमची नाही’ म्हणण्यापूर्वी त्याने समोरच्या माणसास १९३० चा क्रमांक लावून द्यावा, आणि मुलांना आत बसवून पाणी द्यावे.